आजीचे पत्र्याचे रंगीत डबे: जुना रंग न घालवता नीट कसे करायचे

आमच्याकडे पत्र्याचे पाच डबे आहेत, एकात एक बसणारे, हिरव्या ऑइल पेंटचे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, तांदूळ, डाळ, साखर, गूळ, चहा. आजी जुन्या नाशकात वाड्यात राहायची, गंगेपासून (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) दोन गल्ल्या वर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि हे डबे मांडणीच्या खालच्याच फळीवर होते. पाणी उतरल्यावर चिखलातून काढले, वरवर पुसले आणि माळ्यावर टाकले, ते काही वर्षं तसेच पडून होते. मग मी खाली काढले तेव्हा बुडाच्या कडेला गंज, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि तांदळाच्या डब्यावर तर पुराच्या पाण्याची आडवी रेघ अजून दिसत होती.

आता ते ओट्यावर आहेत, रोज वापरात. बरेच जण विचारतात कसं केलं म्हणून, तर सगळं नीट लिहून काढतेय, जे चुकलं ते पण.

सगळ्यात आधी एक गोष्ट. असा डबा कुणालाही दाखवला की एकच सल्ला मिळतो, सगळं घासून काढा आणि नवा कलर मारून टाका. प्लीज असं करू नका. पत्रा कुठेही मिळतो, हिरवा रंगही मिळतो, पण डब्यावरचं ते हाताने लिहिलेलं अक्षर एकदा घासलं की गेलं. आमच्या साखरेच्या डब्यावरचा ख जुन्या वळणाचा आहे, खालून न जोडलेला, त्यामुळे लहानपणी आम्ही तो ‘सारवर’ असा वाचायचो. असं वळण आता कॉम्प्युटरवर स्टेन्सिल कापून येत नाही. म्हणून काम फक्त तिथेच करायचं जिथे पत्रा उघडा पडलाय, बाकी रंगाला नुसतं स्वच्छ करायचं आणि टिकवायचं.

पहिलं काम म्हणजे आपल्या हातात नक्की काय आहे ते ओळखणं, कारण सगळं पत्र्याचंच दिसतं पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ब्रशने मारलेला ऑइल पेंट असेल तर तिरक्या उजेडात ब्रशच्या रेषा दिसतात, आणि पोपडा निघाला तर तो जाडसर असतो. बिस्किटाचे, चहाचे जुने छापील डबे वेगळे, त्यावर शाईची छपाई असते आणि वर पातळ वार्निश, नखाने थर लागत नाही आणि भिंगातून पाहिलं तर बारीक ठिपके दिसतात, त्यांना थिनर लावला की चित्र पुसलंच समजा. तिसरं म्हणजे इनॅमलची भांडी, पांढरा मग आणि त्याला निळी कड वगैरे. तो रंग नाहीच, ती साधारण आठशे डिग्रीला पत्र्यावर वितळवलेली काच आहे, टवका उडाला तर घरी कुठलाही पेंट लावून ती पुन्हा खायच्या कामाची होत नाही, शिवाय काचेचे कण अन्नात जातात. आतून टवका उडालेलं असेल तर त्यात तुळस लावा किंवा चमचे ठेवा. चौथी आपली धान्याची जीआय पत्र्याची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची कोठी, तिच्याबद्दल पुढे सांगते कारण तिचा प्रॉब्लेमच वेगळा आहे.

खात्री नसेल तर बुडाला, जिथे कुणी बघत नाही तिथे, कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट हलकं फिरवा. रंग लगेच मऊ पडून काडीला लागला तर तो ऑइल पेंट नाही, लाखेचं पॉलिश किंवा पाण्यातला रंग असेल, किंवा नंतर कुणीतरी वरून मारलेला असेल. जुना वाळलेला ऑइल पेंट इतक्याने हलत नाही.

आता शिशाचं. हे वाचल्याशिवाय काचपेपरला हात लावू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याच्या आधीच्या कुठल्याही रंगात शिसं आहे असंच धरून चालायचं, खास करून पिवळा, शेंदरी, लाल आणि पिवळ्यापासून केलेला हिरवा. आमच्या डब्यांवर हिरव्याखाली भगभगीत शेंदरी थर निघाला, तो शिशाचाच. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि तोच पूर्वी लोखंडावर गंज धरू नये म्हणून अस्तराला मारायचे. विटकरी तपकिरी थर दिसला तर तो साधा रेड ऑक्साइड, पण चमकदार शेंदरी दिसला तर जास्त सांभाळा. बाजारात काडीसारख्या टेस्ट किट मिळतात, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात, पण काडी लाल नाही झाली म्हणून बेफिकीर व्हायचं नाही.

म्हणून कोरडं घासणं पूर्ण बंद. जे घासायचं ते वॉटर पेपरने, ओलं करून, आणि निघालेला लगदा टिश्यूने पुसून पिशवीत बांधून टाकायचा, बेसिनमध्ये नाही आणि कुंडीत तर अजिबात नाही. हातात ग्लोव्हज, तोंडाला नीट बसणारा एन९५. ब्लो लॅम्प, हीट गन वापरून रंग जाळायचा नाही, धूर सगळ्यात वाईट. मी गच्चीत पेपर पसरून करते, अंगावरचे कपडे वेगळे धुते. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर त्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका आणि ते काम स्वतःही करू नका, दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

साफसफाईला घाई करू नका, अर्धं काम इथेच होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यावर वर्षानुवर्षांचा फोडणीचा चिकटा असतो, तेल उडून उडून वाळलेलं, त्यात धूळ. त्याच्याखाली रंग बहुतेक वेळा चांगला असतो, नुसता दिसत नसतो. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ सुती फडकं, एका वेळी वीतभर जागा, लगेच साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं. रिठ्याचं पाणी पण छान चालतं, रात्री भिजवून गाळून घ्यायचं. त्याने नाही निघालं तर फडक्याला जरासं टर्पेंटाइन लावून पुसायचं, तेही आधी बुडाला करून बघून. धुण्याचा सोडा वापरू नका, कॉस्टिकवालं काही नको, ते जुन्या ऑइल पेंटला साबणासारखं विरघळवतं, चिकट्याबरोबर रंग पण जातो. तारेची घासणी, राख, रांगोळी हे पितळेच्या पातेल्याला ठीक. आणि आख्खा डबा पाण्यात बुडवायचा नाही, काठाच्या दुमडीत पाणी शिरून बसतं आणि गंज आतून सुरू होतो.

अजून एक, खूप घरात रंग फिका पडला की खोबरेल किंवा जवसाचं तेल चोळतात. दोन दिवस चमकतं. खोबरेल वाळत नाही, त्यावर धूळ बसते आणि वास येतो, जवसाचं वाळतं पण पिवळट चिकट होतं. फिका पडलेला, हाताला पांढरी भुकटी लागणारा रंग असेल तर गाडीचं बारीक पॉलिश, ज्याला कटिंग-पॉलिश म्हणतात त्यातलं सगळ्यात बारीक, मऊ फडक्यावर अगदी थोडं घेऊन हलक्या हाताने फिरवा. फडक्याला रंग लागणार, थोडा लागणारच, पण तो शिशाचा असू शकतो म्हणून ग्लोव्हज इथे पण आणि फडकं फेकून द्यायचं. अक्षरांवर आणि छापील डब्यावर हे करायचं नाही.

पोचे असतील तर रंगाच्या आधी काढा. आतून लाकडी मोगरीने, बाहेरून वाळूची पिशवी लावून, हळूहळू. पण जुना रंग कडक झालेला असतो, पत्रा हलला की तो तडकतो, म्हणून छोटे पोचे मी तसेच ठेवते. चहाच्या डब्याला एक आहे, तो मी पाडलेला आहे सातवीत असताना, तो काढायचा विचारही केला नाही.

गंजाला लिंबूसत, म्हणजे सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात मिळतं. पाव लिटर पाण्यात १२-१३ ग्रॅम पुरे. कापसाच्या काडीने फक्त गंजावर लावा, आजूबाजूच्या रंगावर नाही, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, परत लावा. दोन-तीन वेळा करावं लागतं. खोल खड्डे पडलेले असतील तर तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, तो गंजाला काळं करून घट्ट धरून ठेवतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक हात, मग साधं पाणी, आणि मग धावपळ, कारण उघडा पडलेला लोखंडी पत्रा ओला राहिला तर तुमच्या डोळ्यांसमोर पिवळा पडायला लागतो. मी हेअर ड्रायरने वाळवते आणि पंधरा मिनिटांच्या आत प्रायमर लावते. प्रायमरची डबी आधीच उघडून ढवळून ठेवायची.

एक सांभाळा, पत्रा जिथे चकचकीत पांढरट दिसतो तिथे अजून कथलाचा थर शाबूत आहे, तो घासून काढू नका, त्यानेच तर पत्रा टिकलाय.

बुडाला सुईएवढी भोकं पडलेली असतील तर बाहेरून एम-सील लावून घासून घेता येतं. डाग देऊन (झाळून) पण मिळतो, पण त्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो.

पोपड्यांच्या कडांचं काम मात्र गंज काढायच्या आधीच उरकायचं, म्हणजे नंतर लगेच प्रायमर लावता येतो. जे पोपडे सुटून लोंबतायत पण पडलेले नाहीत ते उपटू नका. बारीक ब्रशने खाली पातळ वार्निशचा थेंब सोडायचा, वर बटर पेपर ठेवून बोटाने दाबून धरायचं, बसतात. जिथे रंग गेलाच आहे तिथली कड ४०० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने, पेपरची बोटाएवढी घडी करून, फक्त कड उतरती करायची. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये, नाहीतर नंतर कितीही छान रंग मारा, उजेडात खड्डा दिसतोच. प्रायमर शून्य नंबरच्या ब्रशने, पातळ, उघड्या पत्र्यावर आणि कडेवर केसभर. गडद रंगाखाली रेड ऑक्साइड चालतो, पण क्रीम, आकाशी, पिवळ्याखाली तो डोकावतो, तिथे पांढरा किंवा ग्रे मेटल प्रायमर घ्या. रात्रभर वाळू द्या, खड्डा भरेपर्यंत दोन-तीन हात. गॅरेजवाले जी लांबी (पुट्टी) भरतात ती पण भरता येते पण तिच्यातला थिनर कडक असतो, जुन्या रंगाची कड उचलली जाते कधीकधी, म्हणून मी प्रायमरचेच जास्त हात देते, वेळ लागला तर लागला.

जीआयच्या कोठीचं इथेच सांगते. तिच्यावर जस्त असतं आणि ऑइल पेंट थेट जस्तावर मारला तर दोघांची रिअॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापडासारखा सुटतो. कितीतरी घरातल्या कोठ्यांचा रंग असाच गेलाय आणि लोक रंगाच्या क्वालिटीला दोष देतात. तिला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा प्रायमर लागतो, दुकानात वॉश प्रायमर म्हणून पण मागतात. आणि तिला लिंबूसत लावू नका, जस्त खाऊन टाकतं.

रंग जुळवणं हा मला सगळ्यात आवडणारा भाग. दुकानातला हिरवा आणून सरळ लावला की ठिगळ दिसतं, कारण जुना रंग पिवळटलेला असतो. ऑइल पेंट अंधारात जास्त पिवळा पडतो, माळ्यावर, बंद कपाटात. म्हणून जुळवायच्या आधी डबा आठवडाभर उजेडात ठेवा, थोडा पिवळेपणा आपोआप जातो, नाहीतर आज जुळवलेला रंग महिन्याने वेगळा दिसेल. हे मला सिडकोतल्या एका पेंटर काकांनी सांगितलं, दुकानाच्या पाट्या रंगवायचे ते, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. मी काळा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा गडद रंग, घेऊन गेले होते हिरवा गडद करायला. त्यांनी ती ट्यूब बाजूला ठेवली, बशीत हिरव्याचा थेंब घेतला, काडीच्या टोकावर जेमतेम राहील एवढा रेड ऑक्साइड आणि तेवढाच यलो ऑकर (मातकट पिवळा) घातला, बराच वेळ फिरवत बसले, मग बोटाने पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर ओढला आणि म्हणाले, “आता ओला बघू नको बाई, उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी पट्टी डब्यावर ठेवली तर जेमतेम छटा फिकी होती. काळ्याने हिरवा मळतो, लाल मातकट रंगाने तो जुना होतो. तेव्हापासून मी पट्टीशिवाय रंग लावत नाही, आणि बघायचं ते दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही.

रंग कुठल्याही चांगल्या कंपनीचा सिंथेटिक इनॅमल चालतो, दुकानात ऑइल पेंट म्हणूनच मागा, १०० मिलीची डबी पाच डब्यांना उरते. पातळ करायला टर्पेंटाइनच. एनसी थिनर घालू नका, जुना रंग सुरकुततो. दोन पातळ हात, मधे एक दिवस, आणि मधे ६०० नंबरचा ओला पेपर अगदी हलका. जुन्या रंगावर चढवायचं नाही, खड्ड्याच्या आतच राहायचं.

अक्षरांना हात लावायच्या आधी फोटो काढा आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. आमच्या ‘गूळ’मधल्या ळचा खालचा पाव भाग गेला होता. बाकी अक्षर कसं सुरू होतं, ब्रश कुठे दाबलाय, कुठे उचललाय ते दोन दिवस नुसतं बघितलं, मग गेलेला पावच भरला. पांढऱ्यात पण थोडा यलो ऑकर घालावा लागतो, कोरा पांढरा लांबून डोळ्यात खुपतो. अक्षर पूर्ण गिरवायचा मोह होतो, मला पण झाला, पण गिरवलं की ते आपलं अक्षर होतं, त्या माणसाचं राहत नाही.

हवेचं बघा. पावसाळ्यात हे काम काढू नका, रंगावर दमटपणाने धुरकट थर येतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे गारठा असतो, निफाडला तर पारा किती खाली जातो ते माहितीच आहे, रंग वाळता वाळत नाही आणि पहाटेचं दव वेगळंच. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवला तर वरची साय पटकन धरते आणि आतला ओलाच राहून सुरकुत्या पडतात. दिवाळीच्या आधीचे दिवस आणि फेब्रुवारी हे सगळ्यात बरे, तेही सावलीत, सकाळी दहानंतर.

पावडर कोटिंगचं पण सांगायलाच हवं, कारण सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ते करून देणारे भरपूर आहेत आणि कुणीतरी सुचवतंच. आमचा एक साधा पिठाचा डबा होता, अक्षरं नसलेला, तो मी एका जॉबवर्कवाल्याकडे दिला होता. पावडर भट्टीत १८०-२०० डिग्रीला पकते आणि जुन्या डब्यांचे सांधे शिसं-कथलाने झाळलेले असतात, ती झाळ साधारण १८३ डिग्रीलाच वितळायला लागते. डबा परत आला तेव्हा रंग आरशासारखा आणि उभा सांधा वरपासून खालपर्यंत उघडलेला. त्याने विचारलं नाही, मला माहीत नव्हतं. आजी त्यात भाकरीचं पीठ ठेवायची, मला आजही त्याचं वाईट वाटतं. शिवाय भट्टीच्या आधी ते जुना रंग पूर्ण काढतात, म्हणजे मूळ मुद्दाच संपला. लोखंडी मांडणी, नव्या वेल्डिंगच्या वस्तू याला पावडर कोटिंग उत्तम, झाळलेल्या डब्याला नाही.

डब्याच्या आत रंग मारू नका, कुठलाच. ऑइल पेंट खाण्याच्या वस्तूला लागायचा नसतो. आणि झाळीत शिसं आहे, आतला कथील झिजलाय, त्यामुळे मी आत सरळ काही भरत नाही, आतल्या मापाची काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा ठेवते. चिंच, लोणचं, तेलकट काही तर नकोच. तांदळाच्या मोठ्या डब्यात फूड ग्रेड पिशवी घालून तांदूळ ठेवलेत, चालतं.

झाकणाच्या आतल्या कडेला आणि डब्याच्या काठाला, जिथे पत्रा पत्र्यावर घासतो, तिथे रंगाचा थेंबही नको, एकदा झाकण बसलं की निघत नाही आणि ओढलं की रंगासकट येतं. काम झालं की पंधरा दिवस झाकण उघडं ठेवा. हाताला दुसऱ्या दिवशी कोरडं लागलं तरी आत रंग पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर चहाच्या डब्यात चहा ठेवलात तर त्याला रंगाचा वास धरतो आणि तो मग जात नाही. वरून क्लिअर वार्निश मारायला मी नाही म्हणते, ते पिवळं पडतं आणि पुढे काही दुरुस्त करायचं झालं तर आडवं येतं. महिन्यानंतर गाडीचं कार्नोबा वॅक्स मलमलीच्या तुकड्याने पातळ लावून चमकवलं, सहा महिन्यांनी परत. ओट्यावर ठेवताना बुडाखाली पातळ लाकडाच्या दोन पट्ट्या टाकल्यात, ओटा पुसताना पाणी खाली साचून राहू नये म्हणून, कारण गंज पहिल्यांदा तिथूनच धरतो. तांदळाच्या डब्यावरची पुराची रेघ मी पुसली नाही, ती आहे.